लाईनीवरचं गाव

मनमाडात नवख्या माणसानं पत्ता विचारला की पहिला प्रतिप्रश्न ठरलेला असतो, "लाईनीच्या अलीकडे की पलीकडे?" रेल्वे गावाच्या मधोमध गेली आहे. पूल, फाटक, बोगदा यांच्या हिशेबानंच इथले रस्ते ठरतात, त्यामुळे हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढचं सांगताच येत नाही.

लाईन हा शब्द इथे दिवसभर तोंडात असतो. नळ येणार असेल तर "आज आपल्या लाईनीला पाणी आहे". रेशनच्या दुकानापुढे लाईन लागते. कोणाचा मुलगा काय करतो हे विचारायचं तर "कोणत्या लाईनमध्ये आहे?" गवंडी पायावर लाईनदोरी धरतो. वाया चाललेल्या पोराला बाप लाईनीवर आणतो. साहेबाची मर्जी उतरली की माणूस लूप लाईनीला पडतो आणि मुलीकडून होकार आला की लाईन क्लिअर होते. मराठीत ओळ आहे, रांग आहे, रेघ आहे, रेषा आहे, वाट आहे, धंदा आहे. मनमाडचा माणूस यातल्या निम्म्या ठिकाणी लाईनच म्हणतो.

हा इंग्रजी शब्द आमच्या गावात रुळांवरून आला. शाळेतलं इंग्रजी नंतरचं. त्याच्या एकेका अर्थाबरोबर एकेक काम आलं आणि त्या कामाची माणसं आली. माझे आजोबा गँगमन, वडील सांधेवाले, आणि मी गार्ड म्हणून निवृत्त झालो. आमच्या एका घरात तीन पिढ्यांनी हा शब्द तीन अर्थांनी वापरला. म्हणून मनमाडचा इतिहास सांगताना राजे-किल्ल्यांपेक्षा मी या शब्दाचं बोट धरतो.

लाईन आली ती अशी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेत सगळेच शिकतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आमच्या जुन्या माणसांची जी.आय.पी., पुढे कल्याणला दुभंगली. एक फाटा ईशान्येला भुसावळकडे निघाला, दुसरा आग्नेयेला पुणे, दौंड, सोलापूरकडे. ईशान्येच्या फाट्यावर इगतपुरीच्या पुढचं, नाशिक ते चाळीसगावपर्यंतचं काम १८६१ मध्ये झालं आणि मनमाड नकाशावर आलं. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट मात्र १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. पठारावर गाड्या आधी धावल्या आणि घाट मागून फुटला.

एवढ्यानं मनमाड एक साधं स्टेशन राहिलं असतं. ते जंक्शन झालं ते दुसऱ्या लाईनीमुळे. उत्तरेतला माल दक्षिणेत न्यायचा तर तो थळ घाट उतरून कल्याणला न्यायचा आणि पुन्हा बोर घाट चढवायचा, असा द्राविडी प्राणायाम होता. दोन फाटे घाटमाथ्यावरच जोडायचे ठरले आणि मनमाड ते दौंड असा १४६ मैलांचा सरकारी रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. भूमितीत वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला जीवा म्हणतात, रेल्वेवाले तिला कॉर्ड लाईन म्हणाले. दौंडला अलीकडे इंजिन न फिरवता गाडी पुढे काढण्यासाठी जे छोटं स्टेशन झालं, त्याच्या पाटीवरही दौंड कॉर्ड लाईन असंच लिहिलं आहे.

या लाईनीच्या मातीकामाचा काळ लक्षात ठेवला पाहिजे. १८७६ ते ७८ हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. नगर-नाशिकची उपाशी माणसं दुष्काळी कामावर पोटापुरत्या मजुरीवर माती वाहत होती आणि त्या मातीच्या भरावावर हे रूळ बसले. येवला, कोपरगाव, पुणतांबा करत गाडी जाते तेव्हा खाली तो भराव असतो. त्याच्यावर कोणाचं नाव नाही.

तिसरी लाईन निजामाची. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्यानं खुली झाली आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड हा सगळा मुलूख मनमाडला जोडला गेला. ती मीटरगेज होती, रुळांतलं अंतर एक मीटर. जी.आय.पी. ब्रॉडगेज, रुळांतलं अंतर साडेपाच फूट. एका गाडीचा डबा दुसऱ्या लाईनीवर चालणं शक्य नव्हतं. या एका गोष्टीनं मनमाड पोसलं. मराठवाड्यातून मुंबईला निघालेली कापसाची प्रत्येक गाठ इथे एका वॅगनीतून उतरायची आणि दुसरीत चढायची. मुंबईहून निघालेलं कापड, लोखंड, मीठ, रॉकेल उलट दिशेनं तसंच. उतरवणारे आणि चढवणारे हात हजारोंनी लागले. नगर जिल्ह्यातून, खानदेशातून, मराठवाड्यातून माणसं आली आणि कॅम्पात, बुधलवाडीत वस्त्या झाल्या.

तेव्हापासून दिशांची नावंही लाईनीची झाली. मुंबई लाईन, भुसावळ लाईन, दौंड लाईन, निजाम लाईन. माझ्या लहानपणी सोयरीक जुळवतानाही माणसं गावाच्या आधी लाईन सांगत. "मुलगी दौंड लाईनीची, राहुरीकडची." ऐकणाऱ्याला लगेच कळायचं की कोणती गाडी, कुठे बदलायची, भाडं किती आणि वऱ्हाड किती वाजता पोचेल.

लाईन राखणारे

आजोबांच्या तोंडी लाईन म्हणजे प्रत्यक्ष रूळ. त्यांची टोळी होती, टोळीवर मुकादम, आणि टोळीच्या ताब्यात काही मैलांचा तुकडा. चावीवाला, ज्याला कीमन म्हणत, तो सकाळी खांद्यावर हातोडा टाकून तो सगळा तुकडा पायी चालायचा आणि सैल झालेल्या चाव्या ठोकत जायचा. बाकीची टोळी खडी भरायची, खचलेले स्लीपर उचलून खाली खडी ठासायची.

सगळ्यात अवघड काम लाईन बघण्याचं. ते मी लहानपणी उन्हात उभा राहून पाहिलं आहे. गाड्यांच्या धक्क्यानं रूळ हळूहळू बाजूला सरकतो, आणि हे चालत्या माणसाला दिसत नाही. मुकादम बऱ्याच अंतरावर जाऊन रुळापाशी गुडघे टेकायचा, मान वाकवायची, एक डोळा मिटायचा आणि दुसरा रुळाच्या डोक्याशी आणायचा. तिथून पाहिल्यावर लांबवरचा वाक उघडा पडतो. मग तो हात हलवून खूण करायचा, डावीकडे, आणखी डावीकडे. तिकडे आठ-दहा माणसं पहारी रुळाखाली खुपसून एका ठेक्यात हाळी देत आणि सगळ्यांचा जोर एका क्षणी लागे. रूळ जेमतेम बोटभर सरके. मुकादमाचा तळवा उभा राहिला की थांबायचं. पुन्हा डोळा रुळाला. मुकादमाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या नजरेवर मेल गाड्या धावत होत्या.

आमचं घर महारांचं, १९५६ नंतर बौद्ध. जी.आय.पी.च्या टोळ्यांमध्ये आमच्या समाजाची माणसं मोठ्या संख्येनं होती, आणि त्यामागचं कारण मनमाडातच एकदा जाहीरपणे मांडलं गेलं. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडात जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. स्वतंत्र मजूर पक्ष त्यांनी १९३६ मध्ये काढला होता आणि पक्षाचे प्रतिनिधी मुंबई विधिमंडळात निवडून गेले होते. मनमाडच्या भाषणात त्यांनी रेल्वेतली वस्तुस्थिती मांडली. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो. त्याला पोर्टरची जागासुद्धा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि मास्तर त्याला घरात येऊ देत नाही. कारखान्यातल्या कारागिरीच्या जागांचंही तेच. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी इथेच सांगितलं. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्वच वर्गांत असू शकते, हेही तिथेच स्पष्ट केलं.

आजोबा त्या सभेत होते. ते फार बोलणारे नव्हते. एवढंच सांगायचे, "लाईन आपण राखायची आणि आपल्या पोराला पोर्टर पण होता येऊ नये, हे कोणी मोठ्यानं बोललेलं मी तिथं पहिल्यांदा ऐकलं." भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात मनमाडचं नाव या परिषदेनं कायमचं लिहिलं आहे. ते नाव गावानं जेवढ्या अभिमानानं मिरवायला हवं तेवढं मिरवलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लाईन क्लिअर

वडील सांधेवाले झाले. आजोबांना जी पायरी बंद होती ती त्यांनी ओलांडली. सांधा म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर गाडी वळवायची जागा. मनमाडच्या रेल्वे कारखान्यात पुलांचे गर्डर बनतात आणि सांध्यांचं सामानही बनतं, तेव्हा सांधा हा शब्द आमच्याकडे घराघरांत माहीत. वडिलांची पहिली नेमणूक दौंड लाईनीवरच्या एका लहान स्टेशनात होती.

दौंड लाईन तेव्हा एकेरी होती. एकाच रुळावर दोन्ही दिशांच्या गाड्या. समोरासमोर येऊ नयेत म्हणून जी व्यवस्था होती तिचं नाव लाईन क्लिअर. मास्तर पुढच्या स्टेशनाला यंत्रावर ठरावीक घंटा देऊन विचारी, गाडी सोडू का? पुढच्या मास्तरानं आपली लाईन मोकळी असल्याची खात्री करून होकाराची घंटा दिली तरच या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडे. आकार क्रिकेटच्या चेंडूएवढा, वर दोन्ही स्टेशनांची खूण कोरलेली. दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघू शकतो. तो हातात नसेल तर ड्रायव्हरनं गाडी पुढे न्यायची नाही. लेखी नियमांच्या जाड पुस्तकापेक्षा तो एक गोळा जास्त माणसांचे जीव राखत होता.

हा गोळा चामड्याच्या पिशवीत घालून ती पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधत. न थांबणाऱ्या गाडीला ते कडं द्यायचं काम सांधेवाल्याचं. फलाटाच्या टोकाशी उभं राहायचं, कडं डोक्याच्या वर धरायचं, रात्री शेजारी मशाल पेटती ठेवायची म्हणजे ड्रायव्हरला दिसेल. इंजिन धडधडत येतं, फायरमन बाहेर झुकून हात कड्यात घालतो, आणि त्याच क्षणी मागच्या स्टेशनाचं कडं खाली फेकतो. हिसका असा बसे की फायरमनच्या दंडावर वळ उठत. फेकलेलं कडं अंधारात शोधून त्यातला गोळा यंत्रात परत टाकायचा. तो टाकला की मागची लाईन पुन्हा मोकळी. वडिलांना मशालीच्या धुरानं खोकला जडला होता, पण गोळा परत यंत्रात पडल्याचा खट्ट आवाज ऐकल्याशिवाय ते जेवायला बसत नसत.

मनमाडात "लाईन क्लिअर" हे शब्द लग्नाच्या बोलण्यात येतात, कर्जाच्या प्रकरणात येतात, बदलीच्या अर्जात येतात. बोलणाऱ्याला गोळा माहीत असेलच असं नाही. पण अर्थ अजून तोच आहे, पुढच्यानं जबाबदारीनं हो म्हटलं आहे, आता निघायला हरकत नाही.

याच वडिलांच्या हातून एकदा लाईन बंदही झाली. ८ मे १९७४ ला जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वेचा संप सुरू झाला आणि तो २७ मे पर्यंत चालला. हजारो कामगार तुरुंगात गेले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. वडील संपात होते. दिवसरात्र गाड्यांच्या आवाजात वाढलेल्या आम्हा पोरांना ती शांतता ऐकवत नव्हती. आई म्हणायची, "लाईन चालू होईल तेव्हाच चुलीचं काही खरं."

लाईनवर

मी गार्ड झालो आणि घरात शब्दाला तिसरा अर्थ आला. ड्रायव्हर-गार्डांच्या घरी कोणी भेटायला आलं की बायका दारातूनच सांगतात, "घरी नाहीत, लाईनवर गेलेत." लाईनवर म्हणजे गाडीबरोबर, पण कुठे आणि केव्हा परत हे सांगता येत नाही. रात्री-बेरात्री कॉलबॉय वही घेऊन दार वाजवायचा, सही घ्यायचा, आणि दोन तासांत लॉबीत हजर व्हायचं. भुसावळच्या रनिंग रूममध्ये झोपायचं आणि मिळेल त्या मालगाडीनं परत यायचं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला घरातला बाप असेल की नाही हे मालगाडी ठरवत असे. लाईनवरच्या माणसांची पोरं आईच्या जिवावर शिकली, हे मी माझ्या मुलांपुढे अनेकदा सांगितलं आहे.

लाईनवर जाणाऱ्याची पेटी ती लाईन बॉक्स. जाड पत्र्याची, काळी, वर पांढऱ्या रंगात नाव आणि मुख्यालय. आत लाल-हिरवे झेंडे, हातदिवा, गाडीच्या शेपटीला लावायचा दिवा, प्रथमोपचाराचा डबा, नियमांचं पुस्तक, वेळापत्रक, शिट्टी आणि फटाक्यांचा गोल डबा. या फटाक्यांचं काम सांगितलं पाहिजे. दोन स्टेशनांच्या मधे गाडी अडली आणि हलेना, तर मागून येणाऱ्या गाडीला थांबवणं गार्डाच्या अंगावर. ब्रॉडगेजवर नियम असा की लाल दिवा दाखवत मागे चालत जायचं, सहाशे मीटरवर रुळावर एक फटाका बांधायचा, बाराशे मीटरवर आणखी तीन, दहा-दहा मीटरच्या अंतरानं. इंजिनाचं चाक त्यावर चढलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हरला कळतं की पुढे धोका आहे.

एका पावसाळी रात्री मला हे करावं लागलं. दिव्याच्या उजेडात पावलापुरती खडी दिसत होती, कडेच्या नाल्याचा आवाज कानात भरला होता. खाली बसून ओल्या रुळावर शिशाच्या पट्टीनं फटाका बांधताना हात थरथरतात, घाई होते, पण पट्टी नीट वळली नाही तर फटाका घसरतो. शेवटचा फटाका बांधून उभा राहिलो तेव्हा मला आजोबांचा मुकादम आठवला. रुळापाशी गुडघे टेकल्याशिवाय रेल्वेतलं कोणतंही काम पुरं होत नाही, हे मला त्या रात्री उमजलं.

लूप लाईनही मी आतून पाहिली आहे. मेन लाईनवरून मेल जाणार असली की मालगाडीला बाजूच्या लूपमध्ये घेतात. कधी तासभर, कधी निम्मी रात्र. ऑफिसात एखाद्याला बाजूला सारलं की लोक म्हणतात, लूप लाईनीला टाकलं, आणि त्यात अपमान असतो. रेल्वेत तसा नसतो. लूपमध्ये एक गाडी थांबते म्हणून दुसरी वेळेवर जाते, आणि थांबलेल्या गाडीतही लोकांचं धान्य, कोळसा, खत असतं. बोली भाषेत या शब्दाला आलेला कमीपणा मला कधी पटला नाही.

गावातल्या लाईनी

रेल्वेबाहेरही हा शब्द गावभर पसरला. सगळ्यात जिव्हाळ्याचा अर्थ पाण्याचा. मनमाडची पाणीटंचाई राज्यात माहीत आहे. वागदर्डी धरण पालखेड कालव्याच्या आवर्तनावर अवलंबून आणि आवर्तन लांबलं की नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी, असे कितीतरी उन्हाळे गावानं काढले. इथल्या बाईला आपल्या गल्लीची लाईन कोणती आणि तिचा दिवस कोणता हे तोंडपाठ असतं. लग्नाची तारीख पाण्याच्या तारखेशी जुळवलेली घरं मी पाहिली आहेत. करंजवण धरणापासून थेट पाईपलाईनची योजना आली तेव्हा गावानं तिच्याकडे जंक्शन मिळाल्यासारख्या आशेनं पाहिलं.

दुसरी लाईन तेलाची. गावाबाहेर पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. मुंबईच्या रिफायनरीतून जमिनीखालच्या पाईपलाईनीनं पेट्रोल-डिझेल इथे येतं आणि टँकरनं उत्तर महाराष्ट्रभर जातं. जानेवारी २०२४ मध्ये अपघातासंबंधीच्या नव्या कायद्याविरुद्ध टँकरचालकांनी इथे काम थांबवलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पंपांवर लाईनी लागल्या. याच तेलाभोवती भेसळीचा काळा धंदाही वाढला. आमच्याकडे चोरट्या धंद्यालाही "लाईन" म्हणतात. "तो त्या लाईनमध्ये आहे" असं हळू आवाजात बोललं जातं. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना ही भेसळ पकडताना मनमाडजवळ जिवंत जाळलं गेलं. ज्या अधिकाऱ्यानं कर्तव्यासाठी प्राण दिला त्याचं नाव गावानं विसरू नये.

विजेच्या बाबतीत मात्र आमची सरहद्द आहे. विदर्भात वीज गेली की "लाईन गेली" म्हणतात, आमच्याकडे "लाईट गेली". वर्ध्याकडून बदलून आलेलं एक कुटुंब आमच्या शेजारी राहायचं. पहिल्याच आठवड्यात त्या काकू "लाईन गेली, लाईन गेली" म्हणत बाहेर आल्या आणि अख्ख्या चाळीतले पुरुष चपला घालून यार्डाकडे निघाले. रेल्वेच्या चाळीत या शब्दाचा धसका केवढा होता, हे काकूंना तेव्हा कळलं.

आता

१९९२ मध्ये मनमाड-औरंगाबाद ब्रॉडगेज झाली. मनमाडहून काचीगुड्याला जाणारी मीटरगेजची अजंठा एक्स्प्रेस ज्यांनी पाहिली ते आता म्हातारे झाले. गाड्या थेट धावू लागल्या, प्रवाशांची सोय झाली, ते योग्यच झालं. पण त्याबरोबर माल उतरवण्या-चढवण्याचं मनमाडचं नव्वद वर्षांचं काम संपलं. टोळ्या मोडल्या, काही हमाल अन्न महामंडळाच्या गोदामांकडे वळले, काही गाव सोडून गेले. त्यांची नोंद कोणत्याही समारंभात झाली नाही.

शब्दही बदलले. गँगमनचा ट्रॅकमेंटेनर झाला. जानेवारी २०२२ पासून गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. लाईन बॉक्सच्या जागी चाकांची बॅग आली. कॉल मोबाईलवर येतो. तिकिटाच्या खिडकीपुढची लाईन ऑनलाईन गेली. पहारी आणि मशाली गेल्या, त्याचं मला दुःख नाही. ज्या कामानं माणसाची पाठ मोडते ते यंत्रानं करावं, याच मताचा मी आहे.

आणि नवी लाईन येते आहे. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. लांबी ३०९ किलोमीटर, खर्च सुमारे १८ हजार ३६ कोटी रुपये. मालेगाव, धुळे या भागांनी तिची फार वर्षं वाट पाहिली. दीडशे वर्षांपूर्वीच्या दौंड लाईनीनंतर मनमाडचं नशीब पुन्हा बदलू शकेल अशी ही लाईन आहे. मी तिचं स्वागत करतो. मात्र दौंड लाईनीच्या भरावावर माती टाकणाऱ्यांची नावं राहिली नाहीत, तसं या वेळी होऊ नये. ज्यांच्या जमिनी जातील, जे माती उपसतील, पूल बांधतील, त्यांची नावं स्टेशनाच्या भिंतीवर लागली पाहिजेत, उद्घाटनाच्या फलकापेक्षा मोठ्या अक्षरांत.

जुन्या लाईनीसाठीही अजून वेळ गेलेली नाही. मनमाडच्या जवळजवळ प्रत्येक घरात रेल्वेतून निवृत्त झालेलं एखादं माणूस आहे. शाळांनी मुलांना त्याच्याकडे पाठवावं, नगरपरिषदेनं आणि वाचनालयांनी वह्या उघडाव्यात. तुमच्या घरी असं कोणी असेल तर या रविवारी त्याच्याजवळ बसा, लाईनवरच्या कामाचं विचारा, आणि तो जे सांगेल ते स्टेशनाच्या आणि सालाच्या नोंदीसह, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.